पान चौऱ्याऐंशी

उशाशी एक जाडजूड कादंबरी पडून आहे. चौऱ्याऐंशीव्या पानात खूण म्हणून एसटीचे तिकीट घातलेले. त्यावरची शाई इतकी उडाली आहे की कुठे बसलो ते लागते, कुठे उतरलो ते लागत नाही. पुस्तक चांगले आहे. ज्यांच्या शब्दाला मान द्यावा अशा तिघांनी ते आवर्जून सुचवलेले. पण पंचाऐंशीवे पान काही उलटत नाही. आणि ते उलटत नाही म्हणून दुसरे पुस्तकही उघडले जात नाही, कारण हातातले अर्धवट टाकून नवे घ्यायचे कसे? असे करता करता पावसाळा सरला, दिवाळी अंक घरात येऊन पडले, तेही प्लास्टिकच्या वेष्टणातच राहिले. "हल्ली वाचन होत नाही हो," हे वाक्य या काळात भेटेल त्याला ऐकवून झाले. गंमत अशी की कुणी दचकले नाही. प्रत्येकाच्या उशाशी असे एक तिकीट निघाले.

दोष कुणाला द्यायचा हे ठरलेले आहे. मोबाइलने लक्षाचे लचके तोडले यात वाद नाही. हे लिहितानाही तो दोनदा उचलून झाला. पण सगळे खापर त्याच्या डोक्यावर फोडायचे तर एक अडचण येते. दुखणे फोनपेक्षा फारच थोरले आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा ख्रिस्ती तपस्वी राहत होता. इ.स. 399 मध्ये तो वारला. एकांतातल्या साधूंना छळणाऱ्या विकारांची त्याने टिपणे करून ठेवली, त्यांत वाचायला बसलेल्या एका साधूचे चित्र आहे. हा साधू जांभया देतो, डोळे चोळतो, हात ताणतो, नजर पुस्तकावरून काढून भिंतीकडे लावतो. पुन्हा थोडे वाचतो. मग पाने चाळून शेवट कुठे आहे ते बघतो, किती उरली ते मोजतो. अखेरीस पुस्तक मिटून डोक्याखाली घेतो आणि आडवा होतो. भूक लागली की उठतो. उरलेली पाने मोजणे! ज्याने कधी रटाळ पुस्तक नेटाने वाचायला घेतले आहे, त्याला या माणसाची ओळख करून द्यायला नको.

इतक्या लांब जायचे कारणही नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकातला अख्खा दहावा समास श्रोत्यांच्या अवलक्षणांना दिला आहे. सतराव्या शतकातला श्रोता निरूपणाला येऊन बसतो खरा, पण त्याला आळस येतो, झोप येते, मन भलतीकडे जाते. समर्थ चांगलेच वैतागलेले दिसतात. त्यांचा तो वैताग वाचताना बरे वाटते, हे कबूल करायला हवे. जुन्या माणसांच्या एकाग्रतेच्या नावाने आपण उसासे टाकतो. त्यांच्यातही आपलेच भाऊबंद बसले होते.

लक्ष तेव्हाही टिकत नव्हते. मात्र ते टिकणार नाही हे धरूनच वाचनाभोवती काही ना काही उभे केलेले असे. युरोपात सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठाचे नियम घातले, तेव्हा वाचनाचे तास नेमून दिले आणि त्या वेळात एकदोन ज्येष्ठ साधूंनी फेरी मारून कुणी चकाट्या पिटत तर नाही ना, हे बघावे असेही लिहून ठेवले. साधू झाला तरी माणूसच, हे त्याला ठाऊक होते. आपल्याकडे असा पहारा कुणी बसवला नाही. आपल्याकडे नेम होता.

श्रावणातल्या दुपारी आजीच्या घरी हरिविजय वाचला जाई. श्रीधरांनी हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पुरा केला. रामविजय, पांडवप्रतापही त्यांचेच. गेली तीनशे वर्षे मराठी घरांत ज्या कथा सर्वांत जास्त लोकांनी ऐकल्या, त्या सांगणाऱ्यांत हे गृहस्थ फार वर असतील, आणि वाङ्मयाच्या चर्चेत त्यांचे नाव आपण क्वचितच घेतो. ते असो. चौरंगावर पोथी, सुटी आडवी पाने, वाचून झालेले पान उलटे करून डावीकडे ठेवायचे. आजी एका ठरलेल्या चालीत वाचायची; गाणे म्हणावे इतके ते गाणे नव्हते आणि बोलणे म्हणावे इतके बोलणे नव्हते. समोर शेजारच्या चारपाच जणी फुलवाती वळत बसलेल्या. मांडीवर कापूस, बोटांना जरासे दूध. हाताला काम असले की कान मोकळा राहतो, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. एखादीला डुलकी लागली तरी वाचन थांबत नसे. एखादी दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी तिला मागचे सांगितले जाई, आणि ते सांगणे मूळ ओव्यांपेक्षा रंगत असे. अध्याय संपला की पोथी लाल फडक्यात बांधली जायची. आणखी थोडे वाच, असे कुणी म्हणत नसे. उद्या होतेच.

या व्यवस्थेत किती हिशेब भरलेला आहे ते गुरुचरित्राच्या सप्ताहात दिसते. रूढ क्रम असा: पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतिसाव्यापर्यंत, चौथ्या दिवशी पस्तिसाव्यापर्यंत. पाचव्या दिवशी मात्र तीनच अध्याय, छत्तीस ते अडतीस. सहाव्या दिवशी त्रेचाळिसाव्यापर्यंत आणि सातव्या दिवशी उरलेले. पाचव्या दिवशी तीनच का? कारण छत्तिसावा अध्याय लांबलचक आहे, आचारधर्माच्या बारीकसारीक नियमांनी भरलेला, दमवणारा. ज्याने ही वाटणी केली त्याला वाचणाऱ्याचा दम कुठे तुटतो ते माहीत होते. कीर्तनाची बांधणीही तशीच. पूर्वरंगात जड निरूपण, मग बुक्का लावायचा, हार घालायचा, श्रोत्यांनी पाय मोकळे करायचे, आणि उत्तररंगात आख्यान. गोष्ट मागून येणार आहे या भरवशावर लोक सिद्धान्त ऐकून घेत.

पोथीने आपल्याला नेम दिला, पण त्याबरोबर खंडाची धास्तीही दिली. सुरू केलेले पारायण मध्येच सोडू नये, सोडले तर काहीतरी वाईट घडते, ही ती धास्ती. सात दिवसांच्या व्रताला ती शोभते. पण छापील पुस्तक घरात आले, पोथीचा चौरंग गेला, सोबत गेली, वेळ गेली, आणि धास्ती तेवढी मागे राहिली. चौऱ्याऐंशीव्या पानावर अडकलेला माणूस कादंबरी वाचत नसतो, तो मोडलेल्या पारायणाचे पाप वागवत असतो. नेम टाकून दिला आणि भीती जपली, हा आपला उलटा व्यवहार. माझ्या मते वाचन सुटण्याचे मराठी घरातले मूळ इथे आहे, फोन नंतर आला.

छापील पुस्तकाचा आपल्याकडचा गृहप्रवेशही काही सरळ झाला नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत 1831 मध्ये मराठी पंचांग छापले. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, 1863 मध्ये, गोविंद नारायण माडगावकर 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात सांगतात की छापील कागदाला शिवायला भिणारी भोळी मंडळी मुंबईत अजूनही आहेत. एकीकडे हे, आणि दुसरीकडे वाचनालये उघडत होती. रत्नागिरीचे 1828 मध्ये, नाशिकचे 1840 मध्ये, पुण्याचे 1848 मध्ये. पुण्याच्या वाचनालयाच्या उभारणीत पुढे असलेले लोकहितवादी त्याच सुमारास 'प्रभाकर'मधून शतपत्रे लिहीत होते, आणि आपल्या लोकांना नव्या ज्ञानाची जिज्ञासा नाही म्हणून त्यांना फैलावर घेत होते. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीही निबंधमालेत 'वाचन' या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. म्हणजे लोक वाचत नाहीत ही तक्रार आपल्याकडे वाचनालयांच्या बरोबरीनेच जन्माला आली. ती ऐकून कुणी वाचायला लागल्याचे दिसत नाही.

लोक वाचायला लागले ते वेगळ्याच कारणाने. 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले. नाव बघा. ज्ञान, प्रबोधन, सुधारणा या शब्दांची त्या काळात कमतरता नव्हती, तरी हरिभाऊंनी नाव घेतले करमणूक. त्यात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः आली. केशवपन, बालविवाह, घरातल्या बाईची होरपळ असला जड ऐवज, पण दर आठवड्याला थोडा थोडा. पुढचा अंक येईपर्यंत थांबावे लागे, आणि थांबावे लागते तेव्हाच पुढे काय झाले असेल हा प्रश्न डोक्यात घर करतो. ही कादंबरी आज एकगठ्ठा हातात पडते आणि कैकांचे तिकीट तिच्यातही कुठेतरी अडकते. पहिल्या वाचकांना ती तशी मिळालीच नव्हती. 1909 मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनालाही जागा मिळाली. चकलीसारखेच तेही वर्षाच्या ठरल्या वेळी येऊ लागले.

याच्याही खालच्या पायरीवर, म्हणजे विद्वानांच्या मते खालच्या, गो. ना. दातारशास्त्री होते. 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' अशी नावे, रेनल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कथानकांवर बेतलेली कारस्थाने, भुयारे, वेषांतरे. पुढे बाबूराव अर्नाळकर आले. काळापहाड, झुंजार असे नायक, आणि हजारावर रहस्यकथा. वडीलधाऱ्यांनी या पुस्तकांवर जेवढी आगपाखड केली तेवढी क्वचितच कशावर केली असेल. पाठ्यपुस्तकात लपवून, माळ्यावर बसून, रस्त्यावरच्या दिव्याखाली ती वाचली गेली. ज्यांना आज आपण चोखंदळ वाचक म्हणतो त्यांतल्या पुष्कळांना बोलते केले तर दोनतीन आवरणांखाली एक काळापहाड निघतो. पायाला मुंग्या आल्या की माणूस आधी चारदोन पावले घरातल्या घरात टाकतो, लगेच गड चढायला जात नाही. वाचन अडल्यावर मात्र आपण नेमके सर्वांत उंच पुस्तक काढून बसतो, लाज वाटू नये म्हणून.

वाचन म्हणजे एकट्याने, मनातल्या मनात, बंद खोलीत करायची गोष्ट, हेही तसे अलीकडचे. 1901 च्या जनगणनेत देशातली साक्षरता साडेपाच टक्क्यांच्या आतच होती. तरी 'केसरी' गावोगाव पोचला, कारण पारावर एक जण वाचायचा आणि वीस जण ऐकायचे. डॉ. आंबेडकरांचे पहिले पाक्षिक 31 जानेवारी 1920 रोजी निघाले, त्याचे नावच 'मूकनायक'. ज्यांच्यासाठी ते होते त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, तेव्हा ते कानांवाटेच जाणार होते. न्यायमूर्ती रानड्यांचे डोळे तरुणपणापासून अधू. त्यांच्या अफाट वाचनाचा मोठा भाग दुसऱ्याने वाचून दाखवलेला आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलायचे ठरवले. 21 फेब्रुवारीला सुरुवात, 19 जूनला शेवट, अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी ती प्रवचने उतरवून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्यापर्यंत आले. तुरुंगात वेळ काही कमी नसणार. तरीही आठवड्याला एकच अध्याय.

इथे थोडे थांबून उलट बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर हे सारे श्रावणातल्या दुपारसारखे गोड होईल. आजीच्या त्या चौरंगासमोर कोण बसू शकत होते आणि कोण नाही, हे ठरलेले होते. 1855 मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता ही मातंग समाजातली मुलगी 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिते आणि विचारते तो प्रश्नच हा आहे, की जो ग्रंथ आम्ही बघायचाही नाही, तो आमच्या धर्माचा कसा? रमाबाई रानडे लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. नवऱ्याने शिकवायला सुरुवात केली आणि घरातल्या बायकांनी त्यापायी त्यांना किती सतावले, हे त्यांच्या आठवणींत आहे. 'हल्ली वाचन होत नाही' हे वाक्य उच्चारायला आधी वाचायची मुभा असावी लागते. राजगृहासारखे घर आधी पुस्तकांसाठी बांधणाऱ्या आंबेडकरांना वाचनाचा कंटाळा आला असेल का, हा प्रश्न मनात येतो आणि जरा शरमायला होते. पण शरमेने पान उलटत नाही, हाही अनुभव आहेच.

पान उलटते ते पुस्तक परत करायचे असते तेव्हा. हे वाक्य थट्टेने लिहिलेले नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणून राज्यभर वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. त्या योजनेतली सर्वांत साधी वस्तू म्हणजे पुस्तकांची पेटी. पेटी गावात जायची, काही काळ राहायची, लोक वाचायचे, पेटी परत जायची, दुसरी यायची. गावात पुस्तके कायमची ठेवण्यापेक्षा ती जाणार आहेत ही जाणीव जास्त कामाची. शंभर वर्षांनी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केले, तेही पेट्यांवरच. शंभर पुस्तकांची पेटी, तिच्याभोवती जमलेले वाचक, आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल. या पेट्या दुबईला आणि आणखी कुठेकुठे मराठी माणसांकडे पोचल्या. परदेशातल्या माणसाला फोनवर हवे ते पुस्तक मिळू शकते. तरी तो पेटीची वाट बघतो, कारण पेटीबरोबर आधीच्या वाचणाऱ्याचे बोलणे येते: "ते निळ्या मुखपृष्ठाचं घे, पहिली तीस पानं सहन कर."

वेळ मिळाला तर वाचू, हे आपले दुसरे लाडके वाक्य. त्याचा निकाल 2020 मध्ये लागला. टाळेबंदीत वेळ होता, घरे पुस्तकांनी भरलेली होती, आणि तरीही भल्याभल्यांकडून चार पानांपुढे गेले नाही. काळजीने मन ठिकाणावर नव्हते हे खरे. पण सकाळची लोकल गेली तसे लोकलमधले वाचनही गेले, हेही खरे. डोंबिवलीहून चढलेला माणूस दादरपर्यंत रोज बारा पाने वाचत असे. त्याला घरी दहा तास मिळाले तेव्हा त्याने एकही वाचले नाही. त्याच्या वाचनाला वेळेची नव्हे, चौकटीची गरज होती. खिडकीची जागा, ठरलेली स्टेशने, उतरायची घाई. वाचनालये ऑक्टोबरमध्ये उघडली तेव्हा पहिल्या दिवशी आलेली मंडळी पुस्तकांपेक्षा एकमेकांशी जास्त बोलत होती, असे आमच्याकडच्या ग्रंथपालबाई सांगतात.

सरकारलाही चार शब्द सुनावले पाहिजेत, अग्रलेखाचा तो धर्मच आहे. 2015 पासून 15 ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. 2017 मध्ये महाबळेश्वर-पाचगणीजवळचे भिलार पुस्तकांचे गाव झाले. दोन्ही चांगले. स्ट्रॉबेरी खात खात पुस्तक चाळण्यात वाईट काय आहे? पण प्रेरणा हा दिवसाचा कार्यक्रम नाही आणि वाचन ही सहल नाही. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने राज्यात अनुदानावर चालणारी दहा हजारांवर सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली. त्यांतली कितीतरी 'ड' वर्गातली, म्हणजे एक खोली, दोन कपाटे, आणि तुटपुंज्या मानधनावर कुलूप उघडणारा एक माणूस. हे कुलूप बहुधा लोक कामावर असतात तेव्हा उघडे असते आणि लोक घरी येतात तेव्हा लागते. संध्याकाळी सात ते नऊ दिवा लावून बसायला माणूस द्या, त्याला जगण्यापुरते पैसे द्या, आणि आठवड्यातून एका संध्याकाळी कुणीतरी अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवेल एवढे बघा. फलक, शपथ, सामूहिक छायाचित्र यांना लागतो त्यापेक्षा हा खर्च फार मोठा नसावा. फक्त तो रोज करावा लागतो, आणि रोजच्या गोष्टीचे उद्घाटन करता येत नाही, ही खरी अडचण आहे.

वाचकाला सांगण्यासारखे तेवढेही नाही. सत्तरच्या दशकात 'ग्रंथाली'ने वाचकांची चळवळ उभी केली, दया पवारांचे 'बलुतं' 1978 मध्ये आणि लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' 1980 मध्ये तिथून आले, आणि ती पुस्तके माणसांनी एकमेकांच्या हातातून ओढून घेऊन वाचली. तेव्हा कुणी कुणाला वाचनाचे फायदे समजावत बसले नव्हते. शेजाऱ्याने वाचले आहे आणि उद्या कट्ट्यावर त्यावर बोलणे होणार आहे, एवढे पुरेसे होते. आपल्या घरात हे कसे घडवायचे ते ज्याचे त्याने बघावे. म्हाताऱ्या वडिलांना रोज रात्री दहा मिनिटे वाचून दाखवणारी एक बाई माहीत आहे. वडिलांना झोप लागली की ती वाचणे थांबवते, खूण घालते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करते. वडिलांना किती आठवते याची चौकशी करत नाही. दीड वर्षात तिच्या सात कादंबऱ्या झाल्या. आपण वाचन पुन्हा सुरू केले आहे, हे तिच्या लक्षातच आले नव्हते.

या लेखाची टिपणे काढायला म्हणून मध्यंतरी आमच्या गावच्या वाचनालयात गेलो होतो. दातारशास्त्रींच्या कपाटापाशी 'कालिकामूर्ती' हाताला लागली. मागच्या पुट्ठ्याला चिकटवलेला तारखांचा कागद. सुरुवातीचे शिक्के एकमेकांवर चढलेले, दर आठवड्याला एक, कधी चारच दिवसांनी. जांभळी शाई, मग निळी. 1979 पर्यंत कागद भरून वर दुसरा चिकटवलेला. त्यानंतर शिक्के विरळ होत जातात. 1991 चा एक, 1992 चे दोन, मग 2008 पर्यंत काहीच नाही. आणि 2008 च्या जूनमध्ये कुणीतरी हे पुस्तक लागोपाठ तीनदा नेले आहे. कोण असेल? शाळा सुटून सुट्टीत आलेला मुलगा, की तरुणपणी वाचलेले पुन्हा धुंडाळणारे कुणी? त्यानंतर पुन्हा कोरे. सोळासतरा वर्षे कपाटात उभे राहूनही पुस्तकाने तक्रार केलेली नव्हती.

बाईंनी शिक्का मारला. पंधरा दिवस, मग दिवसाला एक रुपया दंड. "मुदत वाढवून देते हवी तर," त्या म्हणाल्या. नको म्हटले.

जाडजूड कादंबरी तिकिटासकट वरच्या फळीवर गेली आहे. उद्या पंधरावा दिवस. 'कालिकामूर्ती'ची चाळीस पाने उरली आहेत. होय, मोजली.